फझच्या पेटीतला डायोड

अर्जुनी मोरगाव
१९ नोव्हेंबर २००२

प्रिय चुन्नीभाऊ,

नमस्कार. तू वडशाला पोचला आणि नाटकाच्या तालमी सुरू झाल्या, असं तुझ्या आईकडून, काकींकडून कळलं. आमच्याकडे सर्व ठीक. धान कापून बांधीत पडलं आहे. बाबा ढगांकडे पाहून शिव्या देतात आणि ढग नसले की मला. परवा जेवताना आईला म्हणाले, "तुह्या पोराचं डोकं म्हणजे बिनफ्यूजचा बोर्ड होय." पॉलिटेक्निक सोडलं त्याला वर्ष होऊन गेलं, पण सरांच्या अंगावर मीटर कायले फेकला, हा त्यांचा प्रश्न काही जुना होत नाही.  मी दुकानात येऊन बसतो. मिक्सर, टेपरेकॉर्डर, कोणाचा रंग उडालेला टीव्ही, असं चालू आहे.

आता पेटीचं. तू लिहिलं, की फझशिवाय, त्या फाटक्या, गुरगुरत्या आवाजाशिवाय गिटार म्हणजे बिनमिठाचा रस्सा. खलनायक मिशीवर ताव देत येतो, मागून तुझी गिटार टिणटिण करते आणि पब्लिक हसते. वाचून मलाही हसू आलं, मग वाईट वाटलं. मी तिच्याच मागे आहे. फझची लाल पेटी टेबलावर माझ्यापुढे उघडी पडली आहे.

काय काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तू म्हणशील पोरगा झोपून राहिला नाही. आधी चौकोनी बॅटरी नवीन घातली. गिटारची पिन लावली, पायाने बटन दाबलं. आवाज नाही, दिव्याचा तर प्रश्नच नाही, एवढ्या जुन्या पेटीला दिवा कुठला! बॅटरीच्या टोपीच्या तारा आतून तुटतात, म्हणून त्या ओढून पाहिल्या. शाबूत. मग पिनचा जॅक. तुला ठाऊक आहे, या पेटीला चालू-बंदचं वेगळं बटन नाही, पिन आत गेली की जॅकमधलं पितळेचं पान टेकते आणि करंट सुरू होतो. तुझा घाम, मंडईच्या जत्रेची धूळ, पान काळं पडलं होतं. घासून साफ केलं. तरी मेलेलीच. तेवढ्यात बॅटरीला हात लागला तर ती गरम. म्हणजे करंट जातो, पण गाण्याकडे जात नाही, आत कुठेतरी शॉर्ट होऊन परत येतो. कुठे, ते शोधून राहिलो.

मंडईच्या दिवशीचं काय लिहू. नवेगावच्या बाजूची प्रत्येक मंडई मी लहानपणापासून पाहिली, पण असं झालेलं आठवत नाही. दुपारी सोयरिकीचे पाहुणे जेवायला बसलेले आणि स्टेजवर तू आपल्या कीबोर्डवाल्या भोजराजची कॉलर धरलेली. त्याची आई भरल्या ताटावरून उठून गेली, याचीच चर्चा बसमध्ये चालू होती. तुझंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. अडॅप्टर तर त्याच्या कीबोर्डचाच होता, तोच पेटीत घुसलेला सगळ्यांनी पाहिला. बाकी यंत्रांचं अंग निगेटिव्हला जोडलेलं असते, तुझ्या जुन्या पेटीचं पॉझिटिव्हला. म्हणून तर पावसाळ्यात मी तिला अडॅप्टरचं भोक पाडलं, तेव्हा अडॅप्टरही खास तिच्यापुरता बनवून दिला. दुसरा लावला की करंट उलटा. भोजराजला हे ठाऊक असायला पाहिजे होतं. त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण कीबोर्डवाल्याला गिटारवाल्याची वाहवा पाहवत नाही, हे सगळीकडे असतेच.

घाई करू नको. जुनी वस्तू आहे, हळूहळू उघडावी लागते.

तुमची दुर्गेश्वरी इकडे कॉलेजला येऊन राहिली का, की मंडईपासून घरीच आहे? सहज विचारलं.

तुझा,
खुमेंद्र


अर्जुनी मोरगाव
२७ नोव्हेंबर २००२

प्रिय चुन्नीभाऊ,

तुझं पत्र पोचलं. तब्येत सांभाळ. रात्र रात्र नाटकं आणि वरून थंडी, घसा बसला तर कोरसमध्ये कोण ओरडणार?

भोजराजच्या घरच्यांनी, टेंभऱ्यांनी, दुर्गेश्वरीची सोयरीक मोडल्याचा निरोप पाठवला, हे वाचलं. त्यावर काय लिहावं कळत नाही, म्हणून पेटीचं लिहितो.

कंडेन्सर एकेक पाय उचलून तपासले. चांगले आहेत. दोन्ही ट्रान्झिस्टर, ते टोपीवाले, जर्मेनियमचे, तेही जिवंत दिसतात. ते गेले असते तर मी तुला तोंड दाखवलं नसतं, कारण आता तसे नागपुरातही मिळत नाहीत. एवढं सगळं शाबूत आणि पेटी मात्र बोलत नाही. अजून थोडे दिवस दे.

तू लिहिलं, भोजराजच्या जागी ब्रह्मपुरीचा पोरगा घेतला आणि तो प्रत्येक गाण्यात घोड्याच्या टापा वाजवतो. भोजराजचा हात चांगला होता, ते मान्य करावं लागेल. तू त्या दिवशी जरा जास्तच बोलला असं मला वाटते. मी हे तुला सांगावं म्हणजे गंमतच आहे, लोक ऐकतील तर म्हणतील, चूल तव्याले काळा म्हणते. पण तो आईची शपथ घेत होता ना? मी वायरी गुंडाळत होतो, नीट ऐकलं नाही. काय म्हणाला होता नक्की?

सोमवारी दुर्गेश्वरी दुकानात आली होती. पेटी झाली का म्हणून विचारलं. चहा नको म्हणाली. थोडा वेळ बसली आणि दोनच्या बसने गेली.

बाबांनी धानाच्या मळणीला, चुरणीसाठी घरी बोलावलं आहे, म्हणून एवढंच.

तुझा,
खुमेंद्र


अर्जुनी मोरगाव
२ डिसेंबर २००२

प्रिय चुन्नीभाऊ,

नमस्कार. तुमच्या नाटक कंपनीतल्या मंदाबाई इथे आपल्या बहिणीकडे आल्या आहेत, उद्या सकाळच्या गाडीने वडशाला परत येतील. त्यांच्याजवळ पेटी आणि हे पत्र देत आहे. पेटी वाजते. आधी पेटी लावून पाहा असं लिहिणार होतो, पण नको. आधी पत्र वाच.

तुझं शुक्रवारचं पत्र मी दुकानाच्या मागे जाऊन वाचलं. तू लिहिलं, की काकी म्हणतात, आता बाहेरचा पोरगा पाहायचाच नाही, खुमेंद्र आहे न घरचा, डोक्याने गरम आहे पण मनाने साफ आहे, हाताला कला आहे. आणि तू पुढे लिहिलं, "माही ना नाही. तुह्या मनात काय आहे ते लिहून पाठव. लाजू नको, मले सगळं दिसते."

भाऊ, हे वाक्य ऐकायला मी काय नाही केलं! तुमच्या घरचा रेडिओ मी इतक्यांदा दुरुस्त केला, त्यातल्या अर्ध्या वेळा तो बिघडलाच नव्हता. तुझ्याकडे गिटार शिकायला बसलो आणि बोटांना कधी काही आलं नाही, तरी येत राहिलो. गोंदियाला होस्टेलवर असताना दर शनिवारी नवेगावची बस. तुला वाटायचं पोराला संगीताचं वेड आहे. आता तू स्वतःहून विचारून राहिला, आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

कारण तुला सगळं दिसत नाही. पेटी मी जाळली.

आता सुरुवातीपासून लिहितो. मध्ये थांबलो तर परत पहिल्या दोन पत्रांसारखं होईल.

मंडईच्या दुपारी तू तबलेवाल्याला आणायला गेला आणि स्टेज माझ्यावर सोपवलं. मी वायरी पसरून बसलो होतो. भोजराजनं त्याचा कीबोर्ड अजून स्टँडवर चढवला नव्हता, त्याचा अडॅप्टर तिथेच वायरींच्या ढिगात पडला होता आणि तो आईला भेटायला खाली मांडवात गेला होता. तेवढ्यात काकी मला वड्यांची प्लेट द्यायला आल्या. म्हणाल्या, "खुमू, तू घरचा म्हणून सांगतो. भोजराज पसंत आहे आमाले. आज त्याची माय आणि मामा बोलणी करूनच जातीन. तू दुर्गीले भावासारखा आहेस, धावपळ तुलेच करा लागते."

मी म्हटलं, हो काकी.

मग मान वर केली तर दुर्गेश्वरी त्यांच्या पंगतीत वाढत होती. भोजराज काहीतरी बोलला आणि ती हसली. मोठ्याने नाही. पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखा हात केला. भाऊ, मी तिला इतकी वर्षं पाहतो, तसा हात तिने माझ्यासमोर कधी केला नाही.

तुझ्या पेटीचा खास अडॅप्टर माझ्या पिशवीत होता. विसरलो नव्हतो. त्याच्या पिनेला ओळखीसाठी लाल नेलपॉलिश लावलेलं आहे, तिनेच लावून दिलं होतं, तू समोर होता. अंधारातसुद्धा मी तो ओळखला असता. मी पिशवी उघडली, तो पाहिला आणि पिशवी बंद केली. मग भोजराजचा उचलला आणि पेटीत लावला.

लोकांना मी सांगू शकलो असतो, की राग आला, डोकं फिरलं, हात आपोआप गेला. माझ्याबद्दल कोणीही मानलं असतं. सरांवर मीटर फेकला तो तसाच, तेव्हा खरंच काही दिसलं नव्हतं. पण इथे तसं नव्हतं. पावसाळ्यात भोक पाडलं तेव्हा आत एक डायोड टाकला होता. उलटा करंट आला तर तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचं वाचते. पिन लावताना माझ्या डोक्यात तो डायोड होता. म्हटलं, एक डायोड जाईल, ट्रान्झिस्टर वाचतील, भाऊची वस्तू काही मरत नाही. एवढा विचार मी केला. आणि नाव कोणावर येईल, तोही केला. बिनफ्यूजचा बोर्ड एवढा विचार करत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू आला, गिटारची पिन लावली, पाय मारला, काही नाही, आणि जळल्याचा वास. तू खाली वाकून पाहिलं. भोजराज मांडवातून पळत आला. तो म्हणाला, "भाऊ, मायची शपथ, म्या हात नाही लावला." मी तुला विचारलं होतं तो काय म्हणाला म्हणून. मी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. आणि तू म्हणाला, "मंग तुह्या अडॅप्टरले पाय फुटले का बे?" लोक हसले. मीही हसलो. मग तू कॉलर धरली. त्याची आई ताट बाजूला सारून उठली आणि म्हणाली, "आमी पोरगी पाहाले आलो होतो गा, पोराले मार खाऊ घालाले नाही." मी तुमच्यापासून हातभर लांब होतो. वायर गुंडाळत होतो. ती वायर गुंडाळायची नव्हतीच, ती लावायची होती.

पेटी मी घरी आणली त्याच दिवशी उघडली. डायोडचा एक पाय कापला, नवी बॅटरी घातली, वाजली. म्हणजे १९ तारखेच्या पत्रात मी जे पान घासलं, तारा ओढल्या, बॅटरी गरम झाली असं लिहिलं, ते सगळं केलं हे खरं, पण त्याआधीच पेटी बरी झाली होती. मी डायोड परत जोडला आणि मग ते सगळं केलं, तुला लिहायला काहीतरी पाहिजे म्हणून. बरी झाली म्हटलं असतं तर काय बिघडलं होतं ते सांगावं लागलं असतं. आणि तुझा सीझन तिकडे बिनमिठाचा जात राहिला.

दुर्गेश्वरीचं पण मी अर्धंच लिहिलं. ती पेटीचं विचारायला आली नव्हती. स्टुलावर बसली आणि उघड्या पेटीकडे पाहत म्हणाली, "खुमेंद्र, तुले यातलं समजते. अडॅप्टर कोणी लावला ते आतून पाहून समजत नाही का?"

मी म्हटलं, "यंत्राले हात ओळखू येत नाही."

"भोजराज खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "एकडाव कीबोर्डची पट्टी त्याच्याच हातानं तुटली, तं सगळ्याईच्या आधी त्यानंच सांगतलं होतं. भाऊ माहं ऐकत नाही. तुहं ऐकते. तू सांग न त्याले."

मी म्हटलं, बघतो. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मग मी काहीतरी बोलेन. तिने फक्त विचारलं, "काऊन असं झालं असंन रे?" माझ्याशी इतकं मोकळं ती कधीच बोलली नव्हती, आणि बोलली ती त्याच्यासाठी. ती गेल्यावर मी राग यायची वाट पाहिली. आला नाही. लाज आली, आणि लाजेचं काय करायचं ते मला माहीत नाही, ती कोणाच्या अंगावर फेकता येत नाही.

म्हणून काल देवरीला, भोजराजच्या गावी गेलो. तुला आधी लिहायचं की त्याला आधी सांगायचं, कळत नव्हतं. वाटलं तुला आधी लिहिलं तर तू माफ करशील आणि मी तिकडे जाणार नाही.

भोजराज खळ्यावर होता. ट्रॅक्टर धानावर गोल गोल फिरत होता आणि हा काडीने पेंढ्या उलटवत होता. मला पाहून ट्रॅक्टर बंद करायला लावला. मी सगळं सांगितलं, आता तुला लिहिलं तसंच, डायोडसकट. मला वाटलं होतं मारेल. मारावं असंही वाटत होतं. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं आणि म्हणाला, "माहा अडॅप्टर कोठी आहे?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यानं उलटसुलट करून पाहिला. "चालते का?"

"चालते."

"मंग तुह्याकडं अजून काय काम आहे?" एवढं बोलून तो पेंढ्यांकडे गेला. ट्रॅक्टर सुरू झाला. मी बांधावर उभा राहिलो. निघता येईना.

त्याच्या आईने ओसरीवरून सगळं ऐकलं होतं. मी निघालो तर म्हणाली, "कोठी चालला? बस जेवाले. नाही तं गावात सांगशीन, टेंभऱ्यायनं उपाशी हाकलला. आमी उपाशी उठलो होतो, आमाले ठाऊक आहे कसं लागते ते." वाढलं. भाजी वांग्याची होती, एवढंच आठवते. समोर बसून राहिली, मी किती खातो ते पाहत. मी म्हटलं, माय, चुन्नीभाऊची चूक नाही, चूक माझी आहे, सोयरीक मोडू नका. ती म्हणाली, "चूक तुही, पण हात चुन्नीलालचा होता. चार लोकायच्या समोर धरली न कॉलर, तं चार लोकायच्या समोर येऊन सोडा लागते. चिठ्ठीनं सोयरीक जुळत नाही, बाप्पा."

मग सांगितलं, की पुढच्या रविवारी बालाघाटकडचे लोक भोजराजला पाहायला येणार आहेत. त्याच्या मामाने ठरवलं आहे. भोजराजनं अजून हो म्हटलेलं नाही. मी उठताना तिने हळूच विचारलं, पोरगी कशी आहे, बरी आहे ना, कॉलेजले जाते का. म्हणजे भाऊ, दार बंद नाही. पण तुला स्वतः जावं लागेल, रविवारच्या आधी, आणि एकटं नाही, तुझ्या मामाला आणि गावातल्या दोघांना घेऊन. नाटक एक दिवस चुकलं तर चुकू दे.

पेटीत नवीन डायोड टाकला आहे. लाल पिनेचा अडॅप्टर सोबत ठेवला आहे, दुसरा अडॅप्टर लावू नये, असं पेटीच्या मागे खिळ्याने कोरून लिहिलं आहे. बॅटरी काढून ठेवली, प्रवासात पिन लागून उतरू नये म्हणून.

तू विचारलं होतं, माझ्या मनात काय आहे. ते होतं ते आहेच, ते एका पत्राने जात नाही. पण काकींना माझं नाव आता घेऊ देऊ नको. मी भला पोरगा म्हणून नाही म्हणतो असं समजू नको. तिला मिळवायला मी एका माणसाला खोटं पाडलं, आणि ती त्याच माणसासाठी माझ्या दुकानात येऊन बसली. आता उद्या ती माझ्याकडे पाहून हसली तरी मला ते खळं दिसेल.

दुर्गेश्वरीला मी सांगितलेलं नाही. बसस्टँडपर्यंत गेलो होतो, तिची बस आली तेव्हा पानठेल्यामागे उभा राहिलो. एवढी हिंमत माझ्यात नाही, ती तू कर. पण सांगशील तेव्हा चुकून झालं म्हणू नको, रागात झालं म्हणू नको. मला वाचवायला तुझ्या तोंडून तेच निघेल, मी तुला ओळखतो. जसं लिहिलं तसं सांग.

बाबांना आज सकाळी सांगितलं. ते शिव्या न देता बैलांना पाणी पाजायला उठले, आणि मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नको. तेवढ्या वेळात देवरीची बस धर.

तुझी पेटी जाळणारा,
खुमेंद्र